पाठ पिवळी झाल्यावर

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कडेनं सकाळी चाललो होतो. दोन्ही अंगांना हळद, कमरेला लागेल एवढी वाढलेली. एका वावराच्या बांधावर कुणीतरी पाच-सहा सूर्यफुलं टोकली होती, आणि सगळीच्या सगळी माझ्याकडे पाठ करून उभी होती. फुलाची पाठ बघायचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाही. मोगऱ्याला किंवा शेवंतीला पाठ असते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. सूर्यफुलाला मात्र पाठ असते, मान असते, आणि म्हणूनच तोंडही असतं. बांधाला वळसा घालून उगवतीच्या अंगाला गेलो तेव्हा ती तोंडं दिसली. चारचौघं कुठंतरी एकटक बघत उभे असावेत आणि आपण मधे कडमडावं, तसं झालं.

या फुलानं चित्रकारांना आणि बागवाल्यांना गेली चारशे वर्षं का वेड लावलं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या बांधावरच मिळालं. गुलाब हातात घेऊन बघायचा असतो, मोगरा हुंगायचा असतो. सूर्यफूल माणसाच्या उंचीचं असतं आणि समोर उभं राहतं. त्याला वासाचं अप्रूप नाही, नाजूकपणाशी त्याचं देणंघेणं नाही. आपण फूल म्हणून त्याच्याकडे जातो आणि भेटल्यासारखं वाटतं ते इसमाला. उरलेलं निम्मं उत्तर फुलाच्या म्हातारपणात आहे, तिकडे येईन.

आधी त्याचा प्रवास, थोडक्यात. सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं. तिथल्या आदिवासींनी ते चार हजार वर्षांपूर्वीच माणसाळवलं होतं. सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर ते युरोपात आलं आणि पहिली दोन-अडीचशे वर्षं तिथं निव्वळ बागेतलं नवल म्हणून राहिलं. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतीवाल्यानं 1597 च्या आपल्या ग्रंथात स्वतःच्या बागेतलं झाड चौदा फुटांवर गेल्याचं मोठ्या अभिमानानं नोंदलंय. उंचीचं हे वेड अजून उतरलेलं नाही. जर्मनीत 2014 मध्ये एक झाड 9.17 मीटरपर्यंत चढवलं गेलं, म्हणजे तीन मजले. त्याला पाणी घालण्यापेक्षा ते उभं धरून ठेवणं हेच मोठं काम असणार. रशियात गेल्यावर एकोणिसाव्या शतकात त्याचं तेलबी झालं. क्रास्नोदारच्या संशोधन संस्थेत पुस्तोवॉइत यांनी वर्षानुवर्षं निवड करून बियांमधलं तेल तिशीच्या टक्क्यांवरून पन्नाशीकडे नेलं. आपल्याकडे 1969 मध्ये जे बियाणं आलं ते या सोव्हिएत वाणांचं.

योगायोग बघा, पूर्णा प्रकल्पाची येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन्ही धरणं 1968 च्या सुमारास पुरी झाली. साठचं दशक संपता संपता मराठवाड्याच्या या भागात कालव्याचं पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग देशात हे परकं पिवळं पीकही आलं. म्हणजे आपल्या वावरातलं सूर्यफूल माझ्या पिढीहून फारसं मोठं नाही.

सूर्याचं फूल म्हणून त्याच्या नावावर ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यातल्या बऱ्याचशा उसन्या आहेत. सूर्यदेवावर भाळलेली, त्याच्याकडे बघत बघत फूल होऊन गेलेली क्लायटी ही रोमन कवी ओव्हिडनं सांगितलेली कथा. पण ओव्हिडच्या काळात युरोपात सूर्यफूल नव्हतंच. ते अमेरिकेहून यायला दीड हजार वर्षं अवकाश होता. कथेतलं झाड दुसरंच कुठलंतरी. पुढच्या चित्रकारांनी हे नवं, भारदस्त फूल तिच्या जागी बसवलं आणि सगळ्यांना ते पटलं. मग ते निष्ठेचं फूल झालं. व्हॅन डाइक या फ्लेमिश चित्रकारानं 1632-33 च्या सुमारास स्वतःचं एक चित्र काढलं. त्यात एका हातानं राजानं दिलेली सोन्याची साखळी दाखवतोय आणि दुसऱ्या हातानं भलंमोठं सूर्यफूल. अर्थ सरळ: राजा सूर्य, मी फूल. आपण याला भक्ती म्हणत नाही, उगवत्या सूर्याला नमस्कार म्हणतो. तीनशे वर्षांनी माओच्या चीनमध्ये हेच रूपक पुन्हा आलं, सूर्य म्हणजे माओ आणि जनता म्हणजे त्याच्याकडे वळलेली सूर्यफुलं. अशा काळात वाढलेल्या आय वेवे या कलावंतानं 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफूल-बिया पसरून ठेवल्या. जिंगडेझनच्या सोळाशे कारागिरांनी त्या हातानं रंगवल्या होत्या, त्यामुळे एकीसारखी दुसरी नाही. लोकांनी त्यावरून चालावं अशी कल्पना होती. काही दिवसांतच मातीची धूळ उडायला लागली आणि ते बंद करावं लागलं. मला ती कलाकृती फोटोत बघूनही खळ्याची आठवण येते, धुळीसकट.

गंमत अशी की पिकलेलं सूर्यफूल सूर्यामागे फिरतच नाही. फिरते ती कोवळी कळी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये याचा खुलासा केला. दिवसा देठाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेला झुकत जातो. रात्री पश्चिमेची बाजू वाढते आणि पहाटेपर्यंत तोंड पुन्हा पूर्वेला येतं. झाडाची वाढ थांबली की हे हेलपाटे थांबतात आणि फूल कायमचं पूर्वेला तोंड करून राहतं. का, तर सकाळचं ऊन पडलं की तबक लवकर तापतं आणि मधमाश्या ऊबदार फुलावर येतात. मुद्दाम कुंड्या फिरवून पश्चिमेला तोंड करून ठेवलेल्या फुलांपेक्षा पूर्वेकडच्या फुलांवर पाचपटीपर्यंत जास्त माश्या आल्या. तेव्हा उगवत्याला नमस्कार ही म्हण या फुलाला शब्दशः लागू पडते. त्यामागे भक्ती नाही, हिशेब आहे.

तबक हा आपल्या शेतीच्या बोलीतला शब्द मला फार आवडतो. कुणी कणीसही म्हणतात, पण तबक म्हटलं की पूजेचं ताट डोळ्यांसमोर येतं, आणि हे आहेही ताटच. ज्याला आपण एक फूल म्हणतो ती हजार-दीड हजार फुलांची पंगत असते. कडेच्या पिवळ्या पाकळ्या म्हणजे वांझ फुलं, त्यांचं काम फक्त मिरवायचं. खरी फुलं आत, आणि ती बाहेरून आत अशी रांगेनं आठवडाभर उमलत जातात. दर फुलाची जागा आधीच्यापासून साधारण 137.5 अंशांनी सरकलेली, म्हणून त्यांच्या सर्पिल रांगा दिसतात: एका अंगानं मोजा, 34, उलट्या अंगानं मोजा, 55. मोठ्या तबकात 55 आणि 89. शाळेतल्या पोरांना हे मोजायला लावावं. गणिताच्या तासाला फूल हातात येणं ही काही रोजची गोष्ट नाही.

आता चित्रांकडे. सूर्यफूल म्हटलं की नाव एकच, व्हिन्सेंट व्हॅन गॉग. अर्थात त्याच्याआधी क्लोद मोनेनं वेतीलच्या आपल्या बागेतली सूर्यफुलं 1881 मध्ये रंगवली होती, फुलदाणीतही आणि पायऱ्यांच्या दुतर्फाही, आणि ती सुंदरच आहेत. पण मोनेची फुलं ताजी आहेत. व्हिन्सेंटनं 1887 मध्ये पॅरिसमध्ये जी सूर्यफुलं रंगवली ती कापून जमिनीवर टाकलेली, सुकायला लागलेली, पाकळ्या ज्वाळांसारख्या वळलेली होती. त्यातल्या एकाची तर पाठ दाखवलीय. पुढच्या वर्षी, 1888 च्या ऑगस्टमध्ये, आर्ल्सच्या पिवळ्या घरात चित्रकारमित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्यानं खोली सजवायला घेतली. फुलं लवकर माना टाकतात म्हणून रोज पहाटेपासून कामाला लागायचं, असं त्यानं भावाला कळवलंय. एका आठवड्यात चार चित्रं झाली, पुढच्या जानेवारीपर्यंत त्यांच्या आणखी तीन प्रती. मधल्या काळात गोगँ आला, भांडणं झाली, डिसेंबरात कान कापण्याचा प्रकार झाला, गोगँ निघून गेला. ती कथा सगळ्यांना पाठ आहे, मी उगाळत नाही.

त्यातल्या लंडनमधल्या चित्राकडे मात्र सावकाश बघावं. पंधरा फुलं. पिवळ्या भिंतीपुढे, पिवळ्या मेजावर, पिवळ्या फुलदाणीत पिवळी फुलं, हा रंगाचा जुगार सगळ्यांनी वाखाणलाय. पण त्या पंधरांतली ऐन भरातली किती? मोजकी. काहींच्या पाकळ्या गळून गेल्यात, काहींची मान मोडलीय, काही निव्वळ तपकिरी तबकं उरलीत. गच्च झेंडूसारखी दिसणारी जी आहेत ती म्हातारी नव्हेत, ती दुहेरी फुलाची वेगळी जात. जॉर्जिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये त्यामागचा जनुकातला बदलही शोधून काढला. ती वगळली तरी चित्रात वयाच्या सगळ्या पायऱ्या आहेत. एकाच कुटुंबाचा फोटो असावा तसा: मधे कर्ती माणसं, कडेला वाकलेले आजे. लोक या चित्राला आनंदाचं चित्र म्हणतात. मला ते तसं कधी वाटलं नाही. त्यातला आनंद बी भरल्याचा आहे, फुलल्याचा नाही.

बाकीच्यांनी त्याच्याकडून काय उचललं तेही बघण्याजोगं आहे. व्हिएन्नाच्या क्लिम्टनं 1907 मध्ये एकच सूर्यफूल रंगवलं, झगा घातलेल्या बाईसारखं उभं. त्याच शहरातल्या एगॉन शीलेनं 1914 मध्ये वाळलेली, काटकुळी, पाठीमागे फिकट सूर्य असलेली सूर्यफुलं काढली; नाझींच्या लुटीत गेलेलं ते चित्र 2005 मध्ये परत सापडलं. आणि गोगँ? त्यानं आर्ल्समध्येच, हिवाळ्याच्या तोंडावर, जेव्हा ताजी सूर्यफुलं मिळण्याची सोय नव्हती, तेव्हा व्हिन्सेंट सूर्यफुलं रंगवतोय असं चित्र काढलं. पुढे ताहितीला गेल्यावर त्यानं पॅरिसच्या मित्राकडून सूर्यफुलाचं बी मागवलं, आपल्या बागेत पेरलं आणि 1901 मध्ये आरामखुर्चीवर ठेवलेल्या सूर्यफुलांची चित्रं काढली. व्हिन्सेंट जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बाग आणि चित्र यांची गाठ याहून घट्ट बसलेली मला ठाऊक नाही.

व्हिन्सेंटच्या त्या सात चित्रांपैकी एक 6 ऑगस्ट 1945 ला जपानमधल्या आशिया गावी बॉम्बहल्ल्यात जळालं. दुसरं एक 1987 मध्ये जपानच्याच एका विमा कंपनीनं सुमारे 4 कोटी डॉलरना विकत घेतलं. लंडनच्या चित्रावर ऑक्टोबर 2022 मध्ये आंदोलक मुलींनी टोमॅटोचं सूप फेकलं. काच होती म्हणून निभावलं.

मग आपल्या चित्रांत हे फूल का नाही? पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरातून निघते आणि सिद्धेश्वरला अडते. तिच्या उगमाकडच्या डोंगरात अजिंठ्याच्या लेण्यांत पद्मपाणीच्या हाती कमळ आहे, छतावर कमळं आहेत. सिद्धेश्वरजवळच्या औंढा नागनाथाच्या दगडातही फूल म्हटलं की कमळाचीच घडण. पैठणीच्या पदरावर कमळ, मोर, राघू. हजार-दीड हजार वर्षं सूर्याचं फूल म्हणून आपण कमळालाच ओळखत होतो, जे सूर्योदयाला उमलतं आणि चिखलात राहून वर येतं. जुन्या बागांत सूर्यफुलाला सूर्यकमळ म्हणत, म्हणजे नाव देतानाही कमळाचाच आधार घ्यावा लागला.

पण परकेपणा हे पुरेसं कारण नाही. झेंडूही मेक्सिकोचाच, आणि आज दसरा झेंडूशिवाय होत नाही. फरक माझ्या मते असा आहे की आपलं फुलांवरचं प्रेम देठ खुडून सुरू होतं. माळ, गजरा, वेणी, तोरण, रांगोळीतल्या पाकळ्या: आपल्याला फुलं अनेक आणि सारखी लागतात. झेंडू दोऱ्यात ओवला जातो. सूर्यफूल कशात ओवणार? त्याची सगळी ऐट देठात, मानेच्या बाकात. देठ खुडला की उरतं ताट. ते एकट्यानं फुलदाणीत उभं राहणारं फूल आहे आणि आपल्या जुन्या घरात फुलदाणीच नव्हती. देवघरात त्याला जागा मिळाली नाही ती यामुळे. कुणी मज्जाव केला होता असं नव्हे.

त्याला जागा मिळाली ती वावरात, आणि काही वर्षं ऐसपैस मिळाली. हे पीक दिवसाच्या लांबीला जुमानत नाही, म्हणून खरीप, रब्बी, उन्हाळी कधीही येतं. नव्वद दिवसांत हाती लागतं. मूळ खोल जातं म्हणून काळ्या रानातली ओल शोधून काढतं. 1986 मध्ये तेलबियांचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशातलं सूर्यफुलाचं क्षेत्र 20 लाख हेक्टरांच्या पुढे गेलं. लातूरच्या गळितधान्य संशोधन केंद्रानं मराठवाड्याच्या रानाला मानवतील असे वाण काढले, एलएसएफएच 35, एलएसएफएच 171. सोलापूरकडून भानू आला. आणि एक बुटका, 80-85 दिवसांत येणारा वाण सगळ्यांच्या तोंडी होता, ज्याचं नाव आपल्याकडच्या पत्रकांत सर्रास 'मॉडर्न' असं छापलं जायचं. मीही त्याला कितीतरी वर्षं आधुनिक समजत होतो. ते नाव मॉर्डन, कॅनडातल्या मॅनिटोबातल्या एका गावाचं.

शेतकऱ्यानं या फुलाशी जेवढी सलगी केली तेवढी कुठल्या चित्रकारानंही केली नसेल. सूर्यफुलाला स्वतःचा पराग फारसा चालत नाही, परका लागतो. माश्या कमी पडल्या की बी पोचट राहतं, तबकाचा मधला भाग पोकळ. म्हणून फुलं उमलली की सकाळच्या वेळी हाताला मऊ तलम कापड गुंडाळायचं आणि एकेका तबकावरून हलकेच हात फिरवत जायचं, एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत याला हस्त परागीकरण म्हणतात. हे काम बहुतेक बायकाच करत. बघणाऱ्याला वाटावं, लेकरांच्या तोंडावरून हात फिरवत चालल्यात. मग दाणा भरायला लागला की राघूंचे थवे. पदरावर विणलेला राघू वावरात उतरला की गोफण घ्यावी लागते.

पुढे हे पीक गेलं. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि भाव पडले. 1997 मध्ये कर्नाटकातल्या बागेपल्लीकडे नेक्रॉसिस हा विषाणूरोग दिसला आणि दोन-तीन वर्षांत इकडे पसरला. फुलकिडे तो नेतात, आणि त्याचा मोठा साठा असतो गाजरगवतात. गाजरगवत हे वनस्पतिशास्त्रात सूर्यफुलाच्याच कुळातलं, तेही अमेरिकेतूनच आलेलं. इतक्या दूर येऊनही सूर्यफुलाला भाऊबंदकीच भोवली. त्यात सोयाबीन आलं, ज्याला राघू शिवत नाहीत आणि जे यंत्रानं निघतं. आज देशात सूर्यफुलाचं क्षेत्र त्या काळच्या लहानशा हिश्श्यावर आलंय. 2025-26 साठी सरकारनं हमीभाव जाहीर केला क्विंटलला 7,721 रुपये, सोयाबीनचा 5,328. तरी माणसं सोयाबीनच पेरतात, कारण भावापेक्षा जोखमीचा हिशेब मोठा. फोडणीत मात्र सूर्यफुलाचं तेल राहिलं. ते युक्रेन, रशिया, अर्जेंटिनाहून येतं. फेब्रुवारी 2022 मध्ये तिकडे तोफा सुरू झाल्या आणि महिनाभरात इकडे तेलाच्या पुड्यांचा भाव चढला, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की आपली करडई सोडून आपण कुठल्या रानावर अवलंबून आहोत.

आणि आता, वावरातून गेल्यावर, हे फूल आपल्याला सुंदर दिसायला लागलंय. लग्नाच्या हॉलमध्ये मोगऱ्याच्या जोडीला सूर्यफुलं दिसतात. रस्त्याकडेला एखादा फुललेला पट्टा दिसला की गाड्या थांबतात, पोरं झाडं मोडत आत शिरतात. कर्नाटकात गुंडलुपेटकडच्या शेतकऱ्यांनी फोटोचे पैसे घ्यायला सुरुवात केली, ते मला योग्यच वाटतं. सूर्यफुलाच्या वावराचं कौतुक करणाऱ्यानं दाण्याचं नुकसान भरून द्यावं.

बागेसाठी दोन गोष्टी सांगतो, अनुभवाच्या. पहिली, जागा. आपण बसतो त्या ओट्याच्या पश्चिमेला लावा, म्हणजे तोंडं आपल्याकडे येतील; पूर्वेला लावलं तर जन्मभर पाठीच बघत बसाल. माझी पहिली सगळी झाडं अशी वाया गेली. दुसरी, रोपं उपटून लावू नका. सोटमुळाला ते सोसत नाही. जागेवरच दोन-तीन बिया टोका आणि जोमदार एक ठेवा. पाणी साचू देऊ नका. कुंडीत हवं तर टेडी बेअरसारखी बुटकी दुहेरी जात घ्या; फुलदाणीसाठी हल्ली बिनपरागाच्या जाती मिळतात, मेजावर पिवळी पूड सांडत नाही. मला त्या आवडत नाहीत. माशीला पराग न देणारं सूर्यफूल म्हणजे नुसता फोटो.

बागवाल्यांची एक सवय मात्र मोडावीशी वाटते. पाकळ्या सुकल्या की ते झाड उपटतात. शेतकरी नेमका तिथून मोजायला लागतो. पाकळ्या गळतात, मान खाली जाते, तबक जमिनीकडे तोंड करून लोंबतं, पण कापणी करायची नाही. रोज सकाळी मागून बघायचं. हिरवी पाठ लिंबासारखी पिवळी झाली, देठाजवळची पानं वाळली, की दाणा भरला. मग तबकं कापून उन्हात वाळवायची आणि काठीनं बडवायची. व्हिन्सेंटच्या फुलदाणीत माना टाकून बसलेली जी तबकं आहेत ती मला याच टप्प्यावरची वाटतात. त्यानं पेरलं नव्हतं, कापायचं नव्हतं, तरी त्याचं लक्ष गेलं ते कुणब्याचं जातं तिथंच.

कालव्यावरून परत निघताना त्या बांधावर पुन्हा थांबलो. हळदीचा पिवळा इथं जमिनीच्या पोटात असतो, काढणी झाल्याशिवाय दिसत नाही. वर दिसणारा पिवळा त्या पाच-सहा पाठींवर होता, थोडा हिरव्याकडे झुकलेला. अजून आठ-दहा दिवस लागले असते. वावराची मालकीण तेवढ्यात आली. हे कशाला लावलंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, माश्या येतात. आणि मग थोडं थांबून, राघू पण.